कोमट तेल

"माझ्या कोंबड्यांना नावं ठेवायची नाहीत, सांगून ठेवतो!"

काका अंगणातून असे काही ओरडले, की काकूंच्या हातातलं अंडं सुटता सुटता राहिलं. अंड्यांच्या खोलीत खाली बसून त्या सकाळचं काम करत होत्या. एकेक अंडं उचलायचं, डाग असला तर पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायचं, तडा गेलेलं बाजूला काढायचं, बाकीची टोक खाली करून ट्रेमध्ये लावायची. पाणी अजिबात लावायचं नाही. ही काही फोडून तव्यावर टाकायची अंडी नव्हती. ही हॅचरीत जाणार, तिथल्या गरम कपाटांत राहणार आणि त्यातून पिल्लं निघणार. निघणार म्हणजे, निघायला हवी होती. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. अंगणात हॅचरीचा माणूस टेम्पोच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. ऊन डोक्यावर यायचं होतं, तरी वारा आत्ताच तापलेला होता, आणि झुळूक आली की शेडच्या पत्र्यावर माती खडखडत होती. जमिनीला इतक्या भेगा पडलेल्या, की हरवलेली चप्पल आत सापडावी.

"मी कुठं नावं ठेवली, काका?" हॅचरीचा माणूस म्हणाला. "मी म्हणतोय अंडी रिकामी निघतायत. आठवडाभर मशीनमध्ये ठेवतो, मग अंधारात उजेडावर धरून बघतो. तुमच्या ट्रेमध्ये निम्म्याहून जास्त अंड्यांत काहीच नाही. नुसता पिवळा गोळा."

"मग मशीन बघून घ्या तुमचं!"

"मशीन तेच आहे. त्याच मशीनमधून बाकीच्यांची पिल्लं धडाधड निघतायत."

"मग तुमचा हा खटारा हळू चालवा. आदळआपट करत नेता अंडी, आणि वर आम्हालाच ऐकवता."

"काका, आदळलेलं अंडं फुटतं हो. रिकामं होत नाही."

उत्तर सुचलं नाही की काकांचा आवाज आणखी चढायचा, ही त्यांची जुनी खोड. काकू मध्ये पडल्या.

"चहा घेता का?"

"नको काकू. तुम्ही दोघं असं करा, माझ्याबरोबर चला. स्वतःच्या डोळ्यांनी बघा, म्हणजे मला शिव्या खायला नकोत."

गेले दोघं. हॅचरीतली ती खोली अंधारी होती, आणि एका टेबलाखाली दिवे लावलेले. माणसाने काकांचा ट्रे टेबलावर ठेवला आणि अंडी खालून उजळली. भरलेल्या अंड्यात लालसर शिरांचं जाळं दिसतं आणि मध्ये एक ठिपका हलत असतो. काकूंनी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना हुंदका आला होता. आज त्या एकेका अंड्यावरून नजर फिरवत गेल्या. एक भरलेलं, मग तीन रिकामी. परत एक भरलेलं, मग अख्खी ओळ रिकामी. रिकामं अंडं दिसायला फार सुंदर दिसतं, स्वच्छ पिवळं. काकूंना ते बघवेना.

"नर म्हातारे झालेत," हॅचरीचा माणूस हळू आवाजात म्हणाला. "त्यात हे ऊन. महिनाभर बघू. सुधारलं तर ठीक, नाहीतर कळप उचलावा लागेल. आणि खरं सांगायचं तर काका, पुढची पिल्लं तुमच्याकडे ठेवायची की नाही, ते पण वरचे तेव्हाच ठरवतील. वय झालंय तुमचं, असं बोलतात ते. मी नाही बोलत."

परतताना काका वाटभर गप्प होते. काकूंना त्यांचं ओरडणं चालायचं. त्यांचं गप्प बसणं चालायचं नाही.

आता काका म्हणजे कोण, हे सांगायला हवं. त्या भागात कोंबड्या पाळणारे पुष्कळ होते, पण काकांचं नाव होतं ते त्यांच्या नाकासाठी. लोक त्यांना पाठीमागे 'नाकवाले' म्हणायचे, आणि काकांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. दारात उभं राहून नुसता एक श्वास घेतला की शेडमध्ये काय बिघडलंय ते सांगायचे. खाली अंथरलेलं तूस कुठल्या कोपऱ्यात ओलं झालंय, खाद्याला बुरशी धरलीय का, पक्ष्यांची पोटं बिघडणार आहेत का, सगळं. डॉक्टर यायच्या आधी काकांना बोलावणं यायचं. दुसऱ्याच्या शेडच्या दारात उभे राहून, डोळे मिटून, नाक वर करून ते असा काही श्वास घ्यायचे, की बघणाऱ्याने हात जोडावेत. काकू त्यावरून चेष्टा करायच्या. "नाक आहे का काय आहे! लग्न ठरवायला आलात तेव्हा माझाही वास घेतला असणार."

"घेतला होता," काका म्हणायचे. "साबण लावून बसली होतीस."

त्यांना मूलबाळ नव्हतं. शेड होती. एक कळप जायचा, शेड धुतली जायची, नवा कळप यायचा. एवढीएवढीशी पिल्लं यायची आणि काका दिव्याखाली त्यांच्यात बसून राहायचे. या कळपातल्या एका नराचं नाव त्यांनी मुकादम ठेवलं होतं. लहानपणी त्याचा पाय वाकडा होता. काकांनी काडी बांधून बांधून सरळ केला. मोठा झाल्यावर तो शेडमध्ये असा फिरायचा, की कामावर सगळे वेळेत आलेत की नाही तेच बघतोय. आता तो बहुतेक वेळ पाण्याच्या पाइपाजवळ, चोच उघडी टाकून, धापा टाकत बसायचा. माद्या शेजारून निघून जायच्या. हा बघायचासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. वयाने लहान, पोरसवदाच, पण हात शांत होता. दोन-चार नर धरून उलटेपालटे बघितले, मुकादमाचं पोट दाबून बघितलं. मुकादमाने त्यांच्या मनगटाला चोच मारली.

"अजून राग आहे, म्हणजे अजून आशा आहे," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून एक काळपट काचेची बाटली काढली. "काका, हे वनस्पतींचं तेल आहे. दालचिनी, रोझमेरी, आणि ओव्यासारखी एक वनस्पती असते तिचं. उन्हाने आणि वयाने नराचं बीज लवकर खराब होतं. या तेलाने ते जरा टिकतं. काही कळपांना चांगला गुण येतो, काहींना ढिम्म फरक पडत नाही. मी खात्री देत नाही. पण करून बघू."

"किती घालायचं?"

"थेंबांत. मी लिहून देत नाही, दाखवते." त्यांनी झाकणात थेंब मोजून दाखवले. "खाद्याच्या नेहमीच्या तेलात मिसळा आणि मग खाद्याला लावा, म्हणजे सगळीकडे सारखं जाईल. आणि फक्त नरांना."

ते सोपं होतं. नरांची भांडी उंच टांगलेली असतात, तिथे माद्यांची मान पोचत नाही. माद्यांच्या भांड्यांवर जाळी असते, तिच्यातून नराचं मोठं डोकं आत जात नाही. नवराबायकोचं जेवण असं वेगळं ठेवायची ही रीत काकूंना कायम मजेशीर वाटायची.

डॉक्टरीणबाईंनी उघडी बाटली काकूंच्या नाकाखाली धरली. काकूंचं डोकं एकदम मोकळं झालं. "अगंबाई! काय वास आहे हो!"

"अस्सल तेल," काका म्हणाले. "मला इथवर आला."

त्या दिवसापासून काकांनी ते काम स्वतःच्या हातात घेतलं. काकूंना बाटलीला हात लावू देईनात. रोज सकाळी स्वयंपाकघरात यायचे, चुलीवर खाद्याच्या तेलाची लहान कढई ठेवायचे, त्यात मोजून थेंब टाकायचे आणि मंद आच ठेवून निघून जायचे. तोवर पाण्याच्या टाक्या भरून व्हायच्या. मग येऊन कढई उतरवायचे.

"एवढ्या उन्हात तेल काय गरम करत बसायचं?" काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"अगं, कोमट केल्याशिवाय तेल खाद्यात घालायचं नसतं. गोळे होतात. माझ्या उस्तादांनी शिकवलंय."

उस्ताद म्हणजे ज्यांच्याकडे काका पोरवयात कामाला लागले ते म्हातारे. त्यांच्या काळी खाद्यात चरबी घालत. थंडीत ती दगडासारखी व्हायची, म्हणून आधी तापवायची. पुढे चरबी गेली, पातळ तेल आलं, उस्तादही गेले, पण तापवणं राहिलं. थंडी असो नाही तर अंगाची लाही होणारं ऊन असो, काका तेल कोमट करणार म्हणजे करणार. त्यांच्या डोक्यात एकदा नियम बसला की तो काढायला पहार लागली असती.

आणि काय सांगावं, घर घमघमायला लागलं. सकाळी कढई चुलीवर चढली की वास आधी स्वयंपाकघरात भरायचा, मग बाहेरच्या खोलीत, मग ओसरीवर. पडद्यांना लागला, उशांना लागला, काकूंच्या केसांना लागला. इतकी वर्षं त्या घराला एकच वास होता, कोंबड्यांचा. पाहुणा आला की दोन मिनिटांत खिडकीकडे सरकायचा. आता शेजारची शिंपीणबाई कपड्यांचं माप घ्यायचं निमित्त करून यायची आणि तासभर हलायची नाही.

"वहिनी, तुमच्याकडे बसलं की माझं डोकं दुखायचं थांबतं बघा," ती म्हणायची. "काय लावता काय?"

"मी कसली लावते! कोंबड्यांची चैन चाललीय. नरांसाठी आहे ते."

"नरांसाठी?" शिंपीणबाईने डोळे मोठे केले. "मग थोडं आमच्या घरच्यांसाठी पण द्या की."

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. काकूंना त्या दिवसांत उगाचच बरं वाटायचं. इतक्या वासाचं औषध म्हणजे गुण येणारच, असं मन म्हणायचं. काकासुद्धा जेवताना विचारायचे, "काय गं, येतो का वास अजून?" आणि काकू म्हणायच्या, "येतो म्हणजे? माझं पांघरूणसुद्धा सुगंधी झालंय." मग काका मान डोलवायचे. "येणारच. मला तर शेडपर्यंत येतो."

मात्र एकदा काकू नरांच्या खाद्याची बादली उचलून देत होत्या तेव्हा सहज त्यांनी खाली वाकून वास घेतला. भरड्याचा वास आला. मक्याचा, पेंडेचा, नेहमीचा. दुसरा काहीच नाही. क्षणभर त्यांना नवल वाटलं. मग वाटलं, मुरलं असेल आत. एवढ्या मोठ्या नाकाचा माणूस स्वतः कालवतोय, आणि मी कोण त्यात शहाणपणा करणार? त्यांनी बादली उचलून दिली.

दुसरी एक गोष्टही त्यांच्या लक्षात यायला हवी होती. एका सकाळी त्या अंडी गोळा करायला गेल्या होत्या आणि चुलीवर दूध होतं. परत आल्या तर दूध करपून कोळसा झालेलं, सगळीकडे धूर, आणि काका शेजारीच पाटावर बसून भांड्याची जाळी दुरुस्त करतायत.

"अहो! नाकासमोर दूध जळतंय आणि तुम्ही बसलात काय?"

काका दचकले. चुलीकडे बघितलं, मग काकूंकडे. "डोक्यात त्या नरांचं चाललं होतं गं," म्हणाले. काकूंनी भांडं घासायला टाकलं आणि विषय तिथेच संपला. शेडच्या मागच्या कोपऱ्यातलं तूस ओलं होऊन डोळ्यांत झोंबायला लागलं होतं, तेही काका रोज तिथून जात असताना काकूंनीच गुपचूप बदललं होतं. वाटलं, माणूस काळजीत आहे.

महिना सरत आला. हॅचरीच्या माणसाने निरोप पाठवला नाही, स्वतःच आला. यावेळी काका ओरडले नाहीत. तिघं जाऊन त्या अंधाऱ्या खोलीत उभे राहिले. माणसाने ट्रे ठेवला आणि दिवे लावले. रिकामं, रिकामं, भरलेलं, रिकामं. आधीपेक्षा वाईटच. काका एकेका अंड्यावर बोट ठेवत पुढे सरकत होते, जणू बोट लावलं की आत काहीतरी हलेल.

"दुसरा ट्रे लाव," ते म्हणाले.

दुसरा लावला. तोही तसाच.

"तिसरा."

"काका," हॅचरीचा माणूस म्हणाला, "परवा गाडी येईल."

काकूंनी काकांचा हात धरला. चारचौघांत त्यांनी असा हात आयुष्यात धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई धावतपळत आल्या. त्यांना बाहेरूनच कळलं होतं. अंगणातून ओसरीवर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. स्वयंपाकघरात कढई चुलीवर होती. गाडी उद्या येणार होती, तरी काकांनी नियम मोडला नव्हता.

"काकू, इथे एवढा वास कशाचा?"

"तुमच्या तेलाचाच की."

"बाटली सांडली का?"

"नाही हो. हे रोज कोमट करतात ना, तेव्हा पसरतो."

डॉक्टरीणबाई पायातल्या चपला न काढताच आत गेल्या, कढईवरून उठणारी वाफ बघितली, चूल विझवली. मग सरळ शेडकडे निघाल्या. काकू मागोमाग. शेडमध्ये काका काल कालवून ठेवलेलं खाद्य नरांच्या भांड्यांत ओतत होते. डॉक्टरीणबाईंनी एका भांड्यातून मूठभर खाद्य उचललं, नाकाला लावलं. मग दुसऱ्यातून. मग काकांपुढे तळहात धरला.

"काका, याला तेलाचा वास येतोय का, बघा बरं."

काका वाकले. डोळे मिटले, नाक वर केलं आणि तो त्यांचा प्रसिद्ध श्वास घेतला.

"येतोय की," ते म्हणाले. "घमघमाट!"

डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे बघितलं. काकूंनी त्यांच्या मुठीतलं खाद्य घेतलं आणि हुंगलं. मका आणि पेंड. करपलेलं दूध आठवलं. ओला कोपरा आठवला. आणि आठवलं, की गेली कित्येक वर्षं काका आधी विचारतात, 'येतो का गं वास?' आणि मी हो म्हटलं की मगच म्हणतात, मलाही आला. मी नाही म्हटलं की म्हणतात, मलाही नाही. माझ्या नाकावर चाललं होतं यांचं सगळं, आणि मला पत्ता नाही!

"काय झालं?" काकांनी विचारलं. "चांगलं आहे ना?"

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं, पण काकू मध्येच बोलल्या. "चांगलं आहे हो. तुम्ही घाला खाद्य. मुकादम वाट बघतोय."

दोघी शेडबाहेर आल्या. उन्हात उभ्या राहिल्या. सावलीत जायचंही सुचलं नाही.

"सगळं उडून गेलं, काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "हे तेल आचेवर ठेवलं की उडतं. वास म्हणजेच औषध असतं हो त्यात. तुमच्या घरात जेवढा वास आला, तेवढं औषध नरांच्या पोटात गेलंच नाही. महिनाभर त्यांनी नुसता भरडा खाल्ला. माझंच चुकलं. गरम करू नका एवढं सांगायचं राहिलं. कोण गरम करेल असं मनातच आलं नाही."

"तुमचं कसं चुकेल? मी बादलीत नाक घालून बघितलं होतं. वास नव्हता. तरी गप्प बसले मी. आणि मी बाई हसत होते त्या वासात! त्या शिंपिणीला बसवून घेत होते!"

"काकांच्या नाकाचं कधीपासून आहे?"

"मला आत्ता कळलं. तुमच्याबरोबर."

"शेडमधला तो झोंबणारा वायू वर्षानुवर्षं घेतला की असं होऊ शकतं. हळूहळू जातं. माणूस सांगत नाही."

"परत येतं का?"

डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग तिथेच उभ्या राहून त्यांनी हॅचरीत फोन लावला. काकू ऐकत होत्या. डॉक्टरीणबाई आधी समजावून बोलल्या, मग विनवून बोलल्या, मग जरा चिडून. औषध पोचलंच नव्हतं, एकदा नीट देऊन बघू, थोडे दिवस द्या. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांच्या खांद्यांवरूनच कळलं.

"त्यांनी दुसरा कळप ठरवलाय. मशीनमध्ये जागा त्यांनाच देणार."

"दिली असती सवड, तर आला असता का गुण?" काकूंनी विचारलं. "खरं सांगा."

"सांगता येत नाही, काकू. खरंच येत नाही. आला असता, नसताही आला."

काकूंनी तेवढं एक वाक्य घट्ट धरून ठेवलं. नसताही आला. दुसरं धरायला काही नव्हतं.

"यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "नाकाचंही नाही आणि तेलाचंही नाही. पाया पडते तुमच्या. हातातली कामं गेली तर माणूस तगतो. स्वतःच्या हाताने घालवली हे कळलं तर हा माणूस अंथरूण धरेल."

डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात गेल्या, उरलेली बाटली उचलली, झाकण घट्ट लावलं आणि पिशवीत टाकली. जाताना काकूंना एकदा जवळ घेतलं आणि गेल्या.

गाडी सकाळीच आली. पिंजरे उतरले, माणसं उतरली. ती माणसं पायाला धरून पक्षी उचलतात, दोन्ही हातांत मिळून मावतील तेवढे. काकांना ते कधी बघवायचं नाही. दर वेळी कळप जायचा तेव्हा ते गावात काही काम काढून जायचे. या वेळी गेले नाहीत. दारात उभे राहिले. मुकादम पाइपाजवळून उठलाच नाही, तेव्हा काकाच आत गेले. त्याला पायाला न धरता दोन्ही हातांनी छातीशी घेतलं आणि स्वतः नेऊन पिंजऱ्यात ठेवलं. मुकादमाने त्यांच्या मनगटाला चोच मारली.

"बघ," काका म्हणाले, "राग आहे अजून." आणि तोंड फिरवलं.

हॅचरीचा माणूस निघताना थांबला. "काका, पुढच्या पिल्लांचं..."

"नाही ना?"

"नाही."

"बरं," काका म्हणाले. "चहा तरी घे आज."

त्याने घेतला. उभ्यानेच प्यायला, कप धुऊन ठेवला आणि गेला. गाडीमागे धूळ उठली ती कितीतरी वेळ खाली बसली नाही.

संध्याकाळी काका रिकाम्या शेडच्या पायरीवर बसले होते. आतून एक आवाज नव्हता. इतक्या वर्षांत काकूंना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की आता कानांना दडे बसल्यासारखं वाटत होतं. त्या जाऊन शेजारी बसल्या.

"आपण करायचं ते सगळं केलं, नाही का?" काका म्हणाले.

"हो."

"तेलसुद्धा दिलं. एक दिवस चुकवला नाही मी."

"नाही चुकवला."

"कोमट करून दिलं. नीट कालवून दिलं. आता वयाला औषध नाही, त्याला कोण काय करणार?"

"कोण काय करणार," काकू म्हणाल्या, आणि त्यांना एवढं रडू आलं की त्यांनी उगाच चपलेतला खडा काढायचं निमित्त केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिंपीणबाई दारात. "वहिनी, ऐकलं हो मी. वाईट झालं." आत आली, बसली आणि सवयीने लांब श्वास घेतला. "पण काही म्हणा, वास अजून किती छान..."

"गप्प बस!" काकू अशा काही ओरडल्या, की शिंपीणबाई उठून उभीच राहिली. बाहेर शेडमध्ये काका तूस झाडत होते. खराट्याचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला. काकूंनी शिंपिणीचा हात धरून तिला खाली बसवलं. "चुकलं माझं. पण त्या वासाचं नाव काढू नकोस. यांच्यासमोर तर कधीच काढू नकोस. शपथ आहे तुला."

शिंपीणबाईला काही कळलं नाही, पण तिने मान डोलवली आणि चहा न घेताच गेली.

ती गेली आणि काकूंनी कंबर कसली. आज ही बोलली, उद्या दुसरं कोणी बोलेल. एवढा वास घरात आला, मग कोंबड्यांच्या पोटात काय गेलं, असं एखादा शहाणा सहज म्हणून जाईल, आणि हा माणूस तिथे बसलेला असेल. त्यांनी घरातले पडदे काढले. उशांचे अभ्रे, पांघरुणं, चादरी, स्वतःच्या साड्या, सगळं ओढून अंगणात आणलं. पाणी तापवलं, सोडा टाकला. भिजवलं, आपटलं, पिळलं, नाकाला लावून बघितलं. वास होताच. परत भिजवलं. कढई राखेने घासली, चुलीमागची भिंत खरवडून काढली. हातांची सालं निघायची वेळ आली. ऊन चढलं, उतरलं. काकू आपटत राहिल्या. त्या मुडद्या वासावर त्यांचा असा राग होता, की वास दगडावर सापडला असता तर त्यांनी त्याचा जीव घेतला असता.

दिवस कलायला आला तेव्हा शेवटी सगळं दोरीवर गेलं. काकूंनी एकेका पडद्यात तोंड खुपसून बघितलं. साबण, सोडा आणि ऊन. बाकी काही नाही. गेला होता एकदाचा. त्या तिथेच दगडावर बसल्या.

काका शेडमधून बाहेर आले. अंगाला तुसाची धूळ, केस पांढरेफटक. त्यांनी दोरीवरचं सगळं घर बघितलं. काकूंच्या सुजलेल्या हातांकडे बघितलं. जवळ येऊन एका पडद्याचं टोक उचललं, डोळे मिटले, नाक वर केलं आणि तसाच लांब श्वास घेतला.

"अजून येतो बघ वास," ते म्हणाले. "चांगलं तेल होतं."

मग डोळे उघडून त्यांनी काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं. उत्तराची वाट बघत राहिले.

काकूंच्या नाकात साबण भरलेला होता.

"येतो तर," त्या म्हणाल्या. "घमघमाट आहे अगदी."

काकांनी मान डोलवली. काकू उठल्या, त्यांच्या हातातून पडद्याचं टोक सोडवून घेतलं आणि सुरकुती ओढून ते परत दोरीवर नीट केलं.